मार्लिसच्या कार्डाचा पत्रा

सरोवराकाठच्या डुलुथ गावात टेकडीवरच्या निम्म्या घरांत हिवाळ्यात जी ऊब फिरते, ती आर्डन सुंडवालच्या हातांखालून गेलेली आहे. भट्टी तळघरात, माणसे माडीवर, आणि मधली सारी वाट पत्र्याच्या नळांची. ते नळ आर्डनने वाकवले, आर्डनने जोडले, आर्डनने भिंतीआड लपवले, आणि खोलीत उघडणाऱ्या त्यांच्या तोंडांवर आर्डननेच जाळ्या बसवल्या. सरोवरावरून सुटलेला वारा दारांवर धडका देत असतो, आत लेकरे अनवाणी पायांनी जमिनीवर लोळत असतात, आणि त्यांतल्या एकालाही आर्डनचे नाव ठाऊक नसते. परमेश्वराची कृपाही अशीच येते: जाळीतून, आवाज न करता, आपण मागितलेली नसताना. आर्डनला हे कुणी सांगितले असते, तर तो घटकाभर विचार करून म्हणाला असता, "जाळी वर्षातून एकदा पुसायला हवी मात्र."

एवढे वाक्य म्हणजे त्याचे प्रवचनच. साठी ओलांडलेला, लग्न न झालेला, खांद्यांनी दाराएवढा आणि जिभेने अगदी काटकसरी असा तो माणूस. त्याची थोरली बहीण व्हर्ना शेजारच्या घरात राहत असे, आणि देवाने दोघांना मिळून दिलेले शब्द ती एकटी खर्च करी. आर्डनची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायलाही शब्द लागतात.

अशा या माणसाला प्रेमाने गाठले ते चर्चच्या तळघरात.

तळघरात दर गुरुवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवाल्यांचे मंडळ भरे. ज्या लांब टेबलांवर अंत्यविधीनंतर हॅमचे सँडविच मांडतात, त्याच टेबलांवर मंडळी आपापली घरची मशिने आणून मांडीत, तारा एकमेकींना जोडीत, आणि पडद्यावरच्या बर्फाळ गावात बंदुका घेऊन एकमेकांच्या मागे लागत. मध्येच खेळ थांबे. सगळे हात धरून प्रार्थना म्हणत, बटाटे आणि खिमा घालून भाजलेली हॉटडिश वाढून घेत, ताटे विसळीत, आणि पुन्हा एकमेकांना ठार करायला बसत. रविवारी वर बसून शेजाऱ्यावर प्रेम करण्याविषयी ऐकायचे आणि गुरुवारी खाली त्याच शेजाऱ्याच्या कपाळाचा नेम धरायचा, यात कुणाला विसंगती वाटत नसे. चर्चच्या समितीलाही वाटत नसे, कारण जाताना मंडळी खुर्च्या घडी करून ठेवीत.

मंडळाचा प्रमुख डेल ऑस्टबी. दिवसा शाळेची बस चालवायचा, संध्याकाळी कॉम्प्युटर उघडून बसायचा, आणि मंडळात सर्वांत जास्त वेळा मरायचा. त्याला मारणारी एकच व्यक्ती होती. मार्लिस टोलेफसन.

मार्लिस विधवा होती. उभी हयात पोस्टाच्या खिडकीत बसून निवृत्त झाली होती. पांढरे केस, करडे स्वेटर, विणकामाच्या पिशवीत लोकरीच्या गुंड्यांशेजारी ठेवलेला माऊस. पडद्यावर ती एखाद्या छपरावर बर्फात पडून राही, श्वास घेतला की नाही ते कळू नये अशी, आणि मग एकच गोळी. तिचा नेम चुकल्याचे कुणाला आठवत नव्हते. प्रत्येक गोळीनंतर मात्र ती चष्मा सारखा करून टेबलापलीकडे वाकून म्हणे, "माफ कर हं, डेल."

"असू दे, मार्लिस. माझंच डोकं मध्ये आलं."

आर्डन त्या तळघरात आला होता भट्टीचा गळका नळ सांधायला. नळ त्याच संध्याकाळी सांधला गेला. पण पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही गुरुवारी आला, आणि तो नळाकडे बघत नाही हे पाचव्या-सहाव्या खेपेला सगळ्यांच्या ध्यानात आले. तो खेळत नसे. कॉफीचा कप घेऊन मार्लिसच्या मागे, जरा उजवीकडे बसे. तिचे जड मशिन गाडीतून तळघरात आणणे आणि तळघरातून गाडीत नेणे, हे काम त्याने न विचारता पत्करले होते. त्या वाटेवर दोघांचे संभाषण होई.

"जड आहे का?" मार्लिस विचारी.

"नाही," आर्डन म्हणे.

एवढ्यावर त्याचा आठवडा सरत असे. भक्ताला मूर्तीपुढे फार बोलावे लागत नाही. पायरीपाशी उभे राहिले तरी पोट भरते.

मग मार्लिसने नवे ग्राफिक्स कार्ड घेतले. पडद्यावरची चित्रे रंगवणारा हा भाग पूर्वी वहीएवढा असे. हे नवे धूड पावाच्या लादीएवढे जाड आणि विटेएवढे जड. मशिनच्या काचेच्या बाजूतून ते आत आडवे दिसे, फळीसारखे, एका टोकाला घट्ट धरलेले आणि दुसऱ्या टोकाला हळूहळू खाली वाकत चाललेले. आर्डनच्या जिवाला ते बघवेना. जन्मभर त्याने छताला नळ टांगले होते. वाकलेली आडवी वस्तू दिसली की त्याची पाठ दुखू लागे.

त्याच सुमारास हॉटडिश वाढून घेताना मार्लिस म्हणाली, "बेव्हर्ली म्हणते, अ‍ॅरिझोनात ये, उन्हात. कायमचीच ये म्हणते. तिच्या अंगणात लिंबाचं झाड आहे."

"मग?" डेलने विचारले.

"मी नको म्हटलं. महिन्याने तिने परत विचारलं. परत नको म्हटलं."

टेबलावरचे सगळे काटे एकदम थांबले. कारण आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक होती. कुणी काही देऊ केले की माणूस आधी नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारले तरी नकोच म्हणतो. तिसऱ्यांदा विचारले की "तुम्हाला त्रास होणार नसेल तर" असे पुटपुटून घेतो. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा हावरट ठरतो, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा गर्विष्ठ. कॉफीचा दुसरा कप असो, लिंबाचे झाड असो, नियम एकच.

"दोनदा झालं तर विचारून," डेल हळूच म्हणाला. "आता तिसऱ्यांदा फोन येईल तो उचलूच नकोस."

"सख्खी बहीण आहे, डेल. ईस्टरला तिचा फोन येतोच."

आर्डनच्या कपातली कॉफी त्या संध्याकाळी तशीच राहिली. ईस्टर म्हणजे सरोवराचा बर्फ फुटण्याचे दिवस, लोखंडाच्या खनिजाच्या बोटी पुन्हा निघण्याचे दिवस. सारे जग उघडणार आणि त्याच दिवशी त्याचा गुरुवार मिटणार. विचारायला हवे होते. विचारायचे म्हणजे तोंड उघडायचे. आणि तोंड म्हटले की आर्डनला घाम फुटे.

दुसऱ्या दिवशी त्याने डेलला बसजवळ गाठले.

"तिचं कार्ड वाकतंय. पाठीवर पत्रा बसवला तर?"

"बसवतात की लोक. बॅकप्लेट म्हणतात त्याला. कार्ड ताठ राहतं आणि काचेतून दिसतंही छान. हौशी माणसं वर काहीबाही कोरून घेतात."

"काय कोरतात?"

"कुणी नाव, कुणी गरुड. एकाने सासूचं चित्र कोरून घेतलं होतं, म्हणे तिच्या धाकाने मशिन बंद पडत नाही."

आर्डन म्हणाला, "शब्द कोरता येतात?"

डेलने त्याच्याकडे पाहिले, आणि बसचे दार उघडझाप करणाऱ्या माणसाला जेवढा समंजसपणा येतो तेवढ्या समंजसपणे पुढचे विचारले नाही. "येतात. माझ्याकडे तेच कार्ड आहे. तिनेच घ्यायला लावलं, म्हणजे तिची गोळी कुठून आली ते मला नीट दिसेल. माप घ्यायला घेऊन जा. पण एक लक्षात ठेव. पाठीवर कथलाचे डाग दिलेले काटे असतात, सुईएवढे. तुझा पत्रा एका जरी काट्याला टेकला तर कार्ड जागच्या जागी मेलं. स्क्रूच्या ठिकाणी प्लास्टिकच्या चकत्या घाल, पत्रा अधांतरी राहिला पाहिजे."

पत्र्याने पाठ सांभाळायची आणि पाठीला स्पर्श करायचा नाही. आर्डनला हे आवडले. मार्लिसच्या मागे बसून तो दुसरे काय करत होता?

गॅरेजमध्ये काम सुरू झाले. हे काम त्याने जसे केले तसे लोक देवळाच्या गाभाऱ्याचे दार करतात. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा निवडला, तीन पत्रे बाजूला सारून चौथा निवडला. कार्डाच्या पाठीवर कागद ठेवून भोकांच्या खुणा उठवल्या, कागद पत्र्यावर चिकटवला, भोके पाडली, कडा घासल्या, आणि पत्रा कार्डावर ठेवला तर एकही भोक जागेवर नाही. कागद त्याने उलटा चिकटवला होता. चाळीस वर्षे डावा-उजवा नळ ओळखणाऱ्या त्या माणसाने पत्र्याकडे पाहिले, कार्डाकडे पाहिले, स्वतःच्या डाव्या आणि उजव्या हाताकडे पाहिले, आणि पाचवा पत्रा काढला.

इतक्यात व्हर्ना आली. हातात झाकलेली थाळी, तोंडात वाक्य.

"काय चाललंय?"

"पत्रा."

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

"मार्लिसचं कार्ड वाकलंय."

"तिचं कार्ड वाकलं म्हणून तू आठवडाभर वाकून बसलास होय? माझ्या स्वयंपाकघरातली जाळी नाताळापासून खडखडतेय, तिला कुणी भाऊ आहे की नाही?"

आर्डन बारीक करवतीने अक्षरे कोरत होता. आरपार कोरायची, खालून दिव्याची पट्टी लावायची, म्हणजे शब्द उजेडाचे होतील, असा त्याचा बेत. पण पोट असलेल्या, म्हणजे मध्ये बंद जागा असलेल्या अक्षरांचे दैव वेगळे असते. करवत फिरून आली की पोट निखळून खाली पडते. एक पोट व्हर्नाच्या बुटावर पडले. तिने ते उचलले, पत्र्यावर कुठले ते शोधायला वाकली, आणि शोधता शोधता तिने वाचले. "मार्लिस, माझ्याशी लग्न कराल?"

व्हर्ना सुंडवाल गप्प झाली. हे घडले होते याला आर्डन साक्षी आहे; दुसरा कुणी विश्वास ठेवणार नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तोंडाने विचारायला काय होतं तुला?"

"पत्रा जमतो," आर्डन म्हणाला.

तिने थाळी ठेवली, पदर नसल्यामुळे डोळ्यांना स्वेटरची बाही लावली, आणि निघाली. दारातून मात्र वळून म्हणालीच, "नाव नीट लिहिलंयस ना, ते तपास. बायकांना बाकी सगळं चालतं."

सहाव्या पत्र्यावर त्याने अक्षरांच्या पोटांना बारीक दांडे ठेवले आणि एकही पोट गळले नाही. मग तो मार्लिसकडे मशिन मागायला गेला. "आतली धूळ काढतो," तो म्हणाला. ती म्हणाली, नको, कशाला. त्याने परत विचारले, ती नको म्हणाली. त्याने परत विचारले आणि ती म्हणाली, तुम्हाला त्रास होणार नसेल तर. मशिन त्याच्या हातात आले.

ते त्याने बाकावर आडवे निजवले, जसा नळ निजवतात. काच वर आली. कार्ड आता आत भिंतीसारखे उभे होते, सोनेरी दात असलेली कड खाली रोवून, जणू पायांवर उभे राहिलेले. त्याने चकत्या घातल्या, स्क्रू आवळले, दिव्याची पट्टी खालून सरकवली, कळ दाबली. मधासारखा उजेड अक्षरांतून पाझरला. मार्लिस, माझ्याशी लग्न कराल? अक्षरे सरळ, ओळ सरळ, कार्ड ताठ. आर्डनने टोपी काढली. कामापुढे टोपी काढण्याची ही त्याची पहिलीच वेळ, आणि कामाला त्याची सवय नसावी, कारण पुढे जे झाले ते असे.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तळघर बंद असते, म्हणून त्याआधीचा गुरुवार शेवटचा. आर्डनने मशिन घोंगडीत गुंडाळून आणले, मार्लिसच्या जागेवर उभे ठेवले, तार जोडली. मंडळी जमली. व्हर्ना त्या दिवशी मुद्दाम हॉटडिश घेऊन आली होती. मार्लिस कोट अंगात तसाच ठेवून उभी होती. आर्डनने घोंगडी ओढली आणि कळ दाबली.

आणि अक्षरे डोक्यावर उभी होती.

पत्रा फिरला नव्हता. सारे मशिन फिरले होते. बाकावर निजलेल्या मशिनमध्ये जे कार्ड पायांवर उभे होते, ते उभ्या केलेल्या मशिनमध्ये पाय पलीकडच्या भिंतीला लावून आडवे झाले होते. अक्षरांचे पाय तिकडे, डोकी बघणाऱ्याकडे. जगातला प्रत्येक कॉम्प्युटर उभा असतो हे आर्डनला माहीत होते. आपल्या बाकावरचा आडवा आहे हेही माहीत होते. ही दोन ज्ञाने त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होती, आणि डुलुथच्या शेजाऱ्यांप्रमाणेच त्यांनी एकमेकांच्या भानगडीत लक्ष घातले नव्हते.

"सुंदर," डेल म्हणाला. "काय आहे ते? नॉर्वेजियन?"

"वेलबुट्टी असेल," मागून कुणी म्हणाले. "ते टोक बघ, पानासारखं आहे."

"पान कसलं, मासा आहे तो. आर्डनने मासा काढलाय."

माना डाव्या खांद्यावर झुकल्या, उजव्या खांद्यावर झुकल्या. डेलने बाह्या सावरल्या. "थांबा, जरा मशिन पालथं करून बघू."

"हात लावू नकोस," आर्डन म्हणाला.

तळघरात असा आवाज त्याचा कुणी ऐकला नव्हता. डेलचे हात हवेत राहिले.

"गरम आहे," आर्डन पुढे म्हणाला, आणि स्वतःच त्याहून गरम झाला.

मार्लिस काचेकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. पण बाहेर थंडी होती, आणि थंडीने सगळ्यांचेच होतात. ती म्हणाली, "अहो, कशाला एवढा त्रास घेतलात." मग तिने कोट काढला, स्वेटर काढले, आणि स्वेटर काचेवर पांघरले. "उजेड डोळ्यांवर येतो," ती म्हणाली.

खेळ सुरू झाला. मार्लिस छपरावर जाऊन पडली. डेल चौकातून गेला. गोळी सुटली आणि शेजारच्या घराच्या धुराड्याला लागली. डेल परतला. गोळी बर्फात रुतली. तिसऱ्या वेळी डेल चौकाच्या मध्यभागी उभा राहिला आणि त्याने वाट पाहिली. गोळी ढगांकडे गेली.

"मार्लिस, बरं वाटत नाही का?"

"तू आज फार हलतोयस."

"मी उभा होतो."

टेबलावर कुणी हसले नाही. आर्डनने मान खाली घातली. त्याला एकच समजले: त्या भिकार पत्र्याने तिचा नेमही बिघडवला.

गाडीकडे मशिन नेताना बर्फ पायांखाली करकरत होता. मार्लिसने काही विचारले नाही. म्हणून आर्डनलाच बोलावे लागले, आणि लाजेच्या भरात माणूस जे बोलू नये नेमके तेच बोलतो.

"उलटा बसलाय पत्रा. काढून टाकू?"

"नको," मार्लिस म्हणाली. "असू दे."

"काढतो की. चार स्क्रू आहेत."

"नको म्हटलं ना. छान आहे."

त्याने मशिन गाडीच्या कडेवर टेकवले. त्याला वाटले, बिचारी भिडेपोटी नको म्हणते आहे. "खरंच काढू?"

मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या आईने, आजीने, रविवारच्या शाळेतल्या बाईंनी, साऱ्या मुलखाने तिला जे शिकवले होते ते तिच्या जिभेवर आपोआप चढून बसले. "तुम्हाला त्रास होणार नसेल तर," ती म्हणाली.

तो मशिन घेऊन घरी गेला. पत्रा काढला आणि भंगाराच्या पिंपात टाकला. मशिन त्याने डेलच्या हाती परत पाठवले, कारण त्या दारात उभे राहण्याची छाती त्याला उरली नव्हती.

"काय म्हणाली?" व्हर्नाने विचारले.

"काढ म्हणाली."

"वाचलं का तिने?"

"उलटं होतं. वाचलं नसणार."

"मग काढायला का सांगितलं?"

"दिसायला वाईट होतं म्हणून."

"आणि वाचलं असेल तर?"

आर्डनने दोन्ही वाटांचा विचार केला. "तरी काढच म्हणाली."

"कितव्यांदा विचारल्यावर म्हणाली?"

"तिसऱ्यांदा."

व्हर्ना खुर्चीवर बसली. "अरे माझ्या दगडा, तिसऱ्यांदा विचारलं तर इथला माणूस स्वतःचं घरसुद्धा पेटवू देईल. वर काडी विझू नये म्हणून हात आडवा धरील. जा, तिला तोंडाने विचार."

तो गेला नाही. पवित्र आठवडा सुरू झाला. गुरुवारच्या उपासनेला तो मागच्या बाकावर बसला. शुक्रवारी मार्लिस त्याच्या पुढे दोन बाक सोडून बसली होती; तिने एकदा मागे वळून पाहिले, आणि आर्डनने तत्काळ भिंतीतल्या हवेच्या जाळीकडे अशा एकाग्रतेने पाहायला सुरुवात केली, की पाद्रीबाईंनाही वाटले जाळीत काहीतरी बिघडले आहे. त्या आठवड्यात सगळे लोक प्रभूच्या दुःखाचे ध्यान करतात. आर्डनचे मन अ‍ॅरिझोनाकडे, लिंबाच्या झाडाकडे, एका रिकाम्या खुर्चीकडे धावे, आणि तो प्रभूची क्षमा मागे, आणि पुन्हा धावे. प्रभू त्याला रागावला नसावा. एकटेपणा त्याने स्वतः भोगला आहे.

शनिवारी सकाळी गॅरेजचे दार वाजले. मार्लिस उभी होती. मशिन तिने स्वतः गाडीतून उचलून आणले होते आणि तिला धाप लागली होती. तिने ते बाकावर ठेवले.

"कार्ड परत वाकलंय. पत्रा कुठे आहे?"

"भंगारात."

"बाहेर काढा."

"उलटा बसतो तो, मार्लिस."

"मला माहीत आहे. मी वाचला."

आर्डनच्या हातात पक्कड होती. ती तशीच राहिली.

"जन्मभर मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसले," मार्लिस म्हणाली. "लोक पाकीट ठेवतात ते स्वतःकडे तोंड करून. माझ्याकडे सगळ्या जगाचं लिहिणं उलटंच आलं. सरळ अक्षराला मला चष्मा लागतो, उलटं मी बिनचष्म्याचं वाचते. तुम्ही घोंगडी काढलीत आणि मी वाचून मोकळी."

"मग काढा म्हणालात ते?"

"तुम्ही तीनदा विचारलंत, आर्डन. तिसऱ्यांदा नको म्हणायला मला कुणी शिकवलेलं नाही. काढू का, काढू का, काढू का. त्याचं तीनदा. आणि लग्नाचं एकदाच. तेही पत्र्याकडून." तिचा आवाज जरा वर गेला आणि तिने तो शिस्तीने खाली आणला. "एकदा विचारलं तर मी काय उत्तर द्यायचं होतं? मी हावरट आहे का? आठवडाभर वाट बघतेय, हा माणूस दुसऱ्यांदा कधी विचारतो. हा माणूस चर्चमध्ये जाळी बघतोय. उद्या बेव्हर्लीचा फोन येईल. तिची तिसरी वेळ असेल आणि तुमची अजून पहिलीच."

आर्डनने पक्कड खाली ठेवली. हात पँटला पुसले. काय करावे ते त्याला अगदी स्पष्ट दिसत होते आणि त्याचमुळे ते अवघड होते. तांबडा समुद्र दुभंगून देवाने वाट दिली तेव्हा पहिले पाऊल टाकणाऱ्यालाही ते असेच अवघड गेले असेल.

"मार्लिस," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल?"

"अहो, कशाला उगाच तुम्हाला," मार्लिस म्हणाली. "मला सवयी फार आहेत. गुरुवारी माझं जेवण उशिरा होतं. आणि बेव्हर्ली म्हणते, झोपेत मी डेलचं नाव घेते, नेम धरताना."

एवढे बोलून ती थांबली. पर्स दोन्ही हातांत घट्ट धरून, भुवया जराशा उचलून, ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. भट्टी सुरू झाली. नळांतून ऊब वर चढू लागली. आर्डन इतका वेळ गप्प राहिला की मार्लिसने डोळ्यांनी त्याला ढकलले, जसे चढावर अडलेल्या गाडीला ढकलतात.

"माझ्याशी लग्न कराल?" आर्डन म्हणाला.

"तुम्हाला त्रास होणार नसेल तर," मार्लिस म्हणाली.

मिठीचा विचार दोघांच्याही मनात आला असावा, कारण दोघांनीही एकदमच बाकावरचे मशिन सरळ केले. मग मार्लिसने पर्समधून फोन काढला आणि उद्याची वाट न पाहता बहिणीचा नंबर लावला.

"बेव्हर्ली, तू विचारायच्या आत सांगते. मी येत नाही. नाही, विचारू नकोस. विचारू नकोस म्हणते ना, पुढचा शब्द काढलास तर मला हो म्हणावं लागेल. कारण आहे. कारण इथे माझ्यासमोर उभं आहे. पत्र्याचं काम करतो. नाही, मला नाही नीट सांगता येणार." तिने फोन आर्डनपुढे धरला. "तुम्हीच सांगा तिला."

आर्डनने फोन दोन बोटांत धरला, तापलेला पत्रा धरावा तसा. पलीकडे अ‍ॅरिझोना श्वास रोखून ऐकत होते.

"मी आर्डन," तो म्हणाला. "कार्ड वाकत होतं."

मग तो थांबला, आणि मग का कोण जाणे, थांबला नाही. कार्ड का वाकते ते त्याने सांगितले. कागद उलटा चिकटला ते सांगितले, अक्षरांची पोटे गळाली ते सांगितले, चकत्या का घालाव्या लागतात ते बारकाईने सांगितले. बेव्हर्लीने मध्येच काही विचारले असावे, कारण त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरू केले, या वेळी नळ सांधायला तळघरात आला तिथपासून. साठ वर्षांची शिल्लक तो माणूस एका फोनवर मोकळी करत होता.

मार्लिसने पिंपात हात घालून पत्रा शोधून काढला आणि बाहीने पुसला. हा फोन लवकर संपत नाही हे तिच्या ध्यानात आले. तिने अंगातला कोट काढला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, आणि स्टूल ओढून ऐकायला बसली.